स्वतःच्याच डोळ्याची परीक्षा घेणारा डॉक्टर : थॉमस यंग

अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत शिकलेल्या प्रत्येकाला यंग हे नाव दोनदा भेटतं. एकदा धातूची तार ताणण्याच्या प्रयोगात, यंगचा मापांक म्हणून. आणि दुसऱ्यांदा दोन बारीक फटींतून प्रकाश सोडून पडद्यावर काळे-उजळ पट्टे पाहण्याच्या प्रयोगात. परीक्षा संपली की ते नाव आपण विसरतो. हा माणूस मुळात डॉक्टर होता, आयुष्याची शेवटची १८ वर्षं तो लंडनच्या एका रुग्णालयात रोगी तपासत होता आणि आज आपल्या डोळ्यांवर जे उपचार होतात त्यामागच्या बऱ्याच विचारांची सुरुवात त्याने केली, हे मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

चाळिशीनंतर वर्तमानपत्र लांब का धरावं लागतं? लहान मुलाचा नंबर काढताना आधी डोळ्यांत औषध का घालतात? चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंड्रिकल म्हणून जो आकडा असतो तो कशाचा? मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, लांबचं स्वच्छ दिसू लागलं, तरी पोथी वाचायला चष्मा का लागतो? नेत्र विभागाच्या ओपीडीत हे प्रश्न रोज येतात. या सगळ्यांची उत्तरं शोधत मागे गेलं, की वाट २०० वर्षांपूर्वीच्या थॉमस यंग यांच्यापर्यंत पोहोचते.

दोन वर्षांचा वाचक

थॉमस यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या मिल्व्हर्टन या गावी झाला. घर क्वेकर पंथाचं. साधी राहणी, कष्ट आणि शिस्त यांना या पंथात फार महत्त्व. दहा भावंडांत थॉमस सर्वांत मोठा. बालपणीचा बराच काळ तो आजोळी राहिला. दोन वर्षांचा असताना त्याला वाचता येत होतं आणि चौथ्या वर्षापर्यंत त्याचं संपूर्ण बायबल दोनदा वाचून झालं होतं. पुढे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन, हिब्रू, अरबी, फारसी अशा भाषा तो एकामागून एक शिकत गेला. शाळेतल्या एका शिक्षकाकडून त्याला दुर्बिणी बनवणं आणि लेथवर काम करणं शिकायला मिळालं. भाषेची आवड आणि हाताचं कसब या दोन्ही गोष्टी त्याला जन्मभर उपयोगी पडल्या.

वैद्यकाकडे तो वळला आईच्या मामांमुळे. डॉ. रिचर्ड ब्रॉकल्सबी हे लंडनमधले नामांकित डॉक्टर. भाचीचा हा हुशार मुलगा आपला व्यवसाय पुढे चालवेल, असं त्यांच्या मनात होतं. त्यांच्याच आधाराने यंग लंडनला आले आणि शरीरशास्त्र शिकू लागले. त्या काळी विद्यार्थ्यांना गुरांचे डोळे चिरून दाखवत. बैलाचा डोळा उघडून पाहताना यंग यांच्या मनात एक प्रश्न रुतून बसला. तो तसा जुनाच होता, पण उत्तर कुणाकडे नव्हतं.

प्रश्न काय होता?

डोळा कसा काम करतो, हे आधी थोडक्यात पाहू. डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. त्याच्या मागे बाहुली, बाहुलीच्या मागे नैसर्गिक लेन्स आणि सर्वांत मागे दृष्टिपटल, म्हणजे रेटिना. बाहेरून आलेले किरण कॉर्निया आणि लेन्स मिळून वाकवतात आणि दृष्टिपटलावर एकत्र आणतात. किरण वाकवण्याचं दोन तृतीयांश काम एकटा कॉर्निया करतो, उरलेलं लेन्स करते. दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते, हे योहान केप्लर यांनी १६०४ मध्येच दाखवून दिलं होतं. तो संदेश मज्जातंतूतून मेंदूकडे जातो आणि आपल्याला दिसतं.

इथवर ठीक. पण समोरचा डोंगर पाहता पाहता आपण हातातल्या घड्याळाकडे पाहतो आणि तेही स्वच्छ दिसतं. लांबच्या वस्तूचे किरण जवळपास समांतर येतात, जवळच्या वस्तूचे फाकत येतात. दोघांनाही एकाच पडद्यावर नेमकं आणायचं, तर डोळ्याच्या आत काहीतरी बदलायलाच हवं. कॅमेऱ्यात आपण भिंग पुढे-मागे सरकवतो. डोळ्यात काय बदलतं?

तर्क अनेक होते. कोणी म्हणे कॉर्निया जास्त फुगीर होतो. कोणी म्हणे बाहेरचे स्नायू डोळा दाबतात आणि संपूर्ण नेत्रगोल लांब होतो. कोणी म्हणे आतली लेन्स पुढे सरकते. यंग यांनी बैलाच्या डोळ्यातल्या लेन्समध्ये तंतूंची रचना पाहिली आणि निष्कर्ष काढला की लेन्स स्वतःच आकार बदलते. जवळ पाहताना ती जास्त गोल होते. ३० मे १७९३ रोजी हा निबंध रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. लेखकाला वीस वर्षं पूर्ण व्हायला अजून दोन आठवडे होते. पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, ते सोसायटीचे फेलो झाले.

खरं विधान मागे घ्यावं लागलं

कौतुक मात्र फार दिवस टिकलं नाही. त्या काळचे सर्वांत मोठे सर्जन जॉन हंटर यांनी ही कल्पना आपल्याला आधीच सुचली होती, असा दावा केला. त्याच वर्षी हंटर यांचं निधन झालं. मग हंटर यांचे मेहुणे, सर्जन एव्हरार्ड होम, आणि उपकरणं बनवण्यात निष्णात असलेले जेसी रॅम्सडेन यांनी प्रयोग केले. मोतीबिंदूमुळे लेन्स काढून टाकलेल्या एका तरुणाचा डोळा त्यांनी तपासला. त्यालाही लांबचं आणि जवळचं जुळवून घेता येतं, असं त्यांना आढळलं. लेन्सच नाही आणि तरी डोळा जुळवून घेतो, मग लेन्सचा संबंध काय? हे काम कॉर्निया करतो, असं त्यांनी जाहीर केलं.

यंग तेव्हा एडिंबरा आणि नंतर जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे शिकत होते. समोर एवढी मोठी नावं, आणि हातात स्वतःचा नवा पुरावा नाही. त्यांनी आपलं मत मागे घेतलं. १७९६ मध्ये ग्योटिंगेनची वैद्यकीय पदवी घेताना लिहिलेल्या प्रबंधातही त्यांनी ही माघार नोंदवली.

आज आपल्याला माहीत आहे की तरुण यंग यांचं मुख्य म्हणणं बरोबर होतं आणि ज्येष्ठांचं चूक. पण त्या दिवशी पुरावा ज्येष्ठांच्या बाजूने दिसत होता. यंग हटून बसले नाहीत, भांडतही बसले नाहीत. मात्र प्रश्न त्यांनी सोडलाही नाही.

विहिरीतली बुडी आणि किल्लीची कडी

लंडनच्या फिजिशियन कॉलेजचं पूर्ण सदस्यत्व हवं तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची पदवी लागे. म्हणून यंग केंब्रिजला गेले. १७९७ च्या शेवटी डॉ. ब्रॉकल्सबी वारले. त्यांनी यंग यांच्यासाठी लंडनमधलं घर आणि सुमारे १०,००० पौंड ठेवले होते. पोटाची चिंता मिटली. लंडनमध्ये दवाखाना थाटला, रोगी फारसे येत नव्हते, आणि रिकामा वेळ त्यांनी जुन्या प्रश्नाला दिला. नोव्हेंबर १८०० मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी डोळ्याच्या यंत्रणेवर व्याख्यान दिलं. त्यात सांगितलेले बहुतेक प्रयोग त्यांनी स्वतःच्याच डोळ्यावर केले होते.

पहिला सवाल : कॉर्निया आकार बदलतो का? विहिरीत किंवा नदीत बुडी मारून डोळे उघडले असतील, त्यांना माहीत आहे की पाण्याखाली सगळं अंधुक दिसतं. कारण सोपं आहे. कॉर्निया किरण वाकवतो तो हवेच्या आणि त्याच्या घनतेतल्या फरकामुळे. पाणी आणि कॉर्निया यांच्यात हा फरक जवळजवळ उरत नाही, त्यामुळे पाण्यात कॉर्नियाची ताकद नाहीशी होते. पोहण्याचा गॉगल लावला की डोळ्यापुढे पुन्हा हवा येते आणि दिसू लागतं. यंग यांनी याचाच उपयोग केला. भिंग बसवलेली एक लहान नळी घेतली, तिच्यात थंड पाणी भरलं आणि ती डोळ्याला अशी लावली की कॉर्निया पाण्यात बुडेल. गेलेली ताकद भिंगांनी भरून काढली. आता त्यांचा कॉर्निया असून नसल्यासारखा होता. तरीही लांबचं-जवळचं जुळवून घेण्याची शक्ती पूर्वीइतकीच राहिली. म्हणजे हे काम कॉर्नियाचं नव्हतं.

दुसरा सवाल : संपूर्ण डोळा लांब होतो का? यासाठी केलेला प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्यांनी डोळा नाकाच्या दिशेला पूर्ण वळवला आणि एक कडी पुढून, तर लहान किल्लीची कडी बाहेरच्या कोपऱ्यातून थेट नेत्रगोलाच्या मागच्या बाजूपर्यंत नेऊन दाबली. डोळ्यावर दाब पडला की आपल्याला प्रकाशाचं वर्तुळ दिसतं. डोळा दोन्हीकडून पकडलेला असताना जवळ पाहिलं आणि नेत्रगोल लांबला, तर मागच्या कडीचा दाब वाढून ते वर्तुळ पसरायला हवं होतं. ते तेवढंच राहिलं. म्हणजे डोळ्याची लांबी बदलत नव्हती. त्यांचे डोळे थोडे पुढे आलेले होते, म्हणून हा प्रयोग त्यांना जमला. वाचकांनी मात्र यातलं काहीही घरी करू नये. डोळ्यावर दाब देणं धोक्याचं आहे, दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

तिसरा सवाल : लेन्स काढलेल्या रोग्यांचं काय? होम यांच्या रोग्याने सगळं उलटं केलं होतं. यंग यांनी मोतीबिंदू काढलेले अनेक रोगी मिळवले आणि ऑप्टोमीटर नावाच्या साधनाने तपासले. जुनं साधन त्यांनी स्वतः सुधारलं होतं. दोन बारीक फटींतून एका रेषेकडे पाहायचं. डोळा जिथे नेमका जुळलेला असेल, तिथे ती रेषा एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांसारखी दिसते. रोग्याला फक्त छेद कुठे दिसतो ते सांगायचं असतं. त्यामुळे रोग्याने डोळे किलकिले करून किंवा अंदाजाने वाचून दाखवलं, तरी ते उघडं पडतं. या तपासणीत लेन्स नसलेल्या एकाही डोळ्यात जुळवून घेण्याची शक्ती आढळली नाही.

कॉर्निया नाही, डोळ्याची लांबी नाही, आणि लेन्स गेली की शक्तीही गेली. सात वर्षांपूर्वी मांडलेलं आणि नंतर मागे घेतलेलं विधान यंग यांनी पुराव्यासह पुन्हा मांडलं. एक गोष्ट मात्र त्यांना कळली नव्हती. लेन्सचे तंतू हेच स्नायू आहेत, असं ते समजत. प्रत्यक्षात लेन्सभोवती एक स्नायूंचं कडं असतं. ते आवळलं की लेन्सला धरून ठेवणारे धागे सैल होतात आणि लवचीक लेन्स आपोआप गोल होते. हे हेल्महोल्ट्झ यांनी १८५५ च्या सुमारास स्पष्ट केलं.

याचा आपल्या डोळ्यांशी संबंध

लहानपणी लेन्स मऊ आणि लवचीक असते. दहा वर्षांच्या मुलाला लेन्स गोल करून साधारण १२ ते १४ डायॉप्टरची जादा ताकद आणता येते. वय वाढतं तशी लेन्स कडक होत जाते. चाळिशीत ही ताकद ४-५ डायॉप्टरवर येते, साठीत जवळपास संपते. म्हणून चाळिशी लागते. हा आजार नाही, चष्मा न वापरल्याने ती टळत नाही आणि वापरल्याने वाढतही नाही. सुईत दोरा ओवता येईना किंवा मोबाइल लांब धरावा लागू लागला, की तपासणी करून चष्मा घ्यावा. फुटपाथवरचा तयार चष्मा लावून अनेकजण वर्षानुवर्षं वेळ काढतात. त्याने अक्षरं मोठी दिसतील, पण डोळ्याचा दाब, दृष्टिपटल, मधुमेहाचे परिणाम हे कोण पाहणार? चाळिशीचा चष्मा ही संपूर्ण डोळा तपासून घेण्याची संधी आहे.

लहान मुलांत उलटी अडचण येते. त्यांची लेन्स इतकी ताकदवान असते की तपासताना ते नकळत ती गोल करतात आणि खरा नंबर लपतो. डोळ्यांत थेंब किंवा मलम घालून ते स्नायूंचं कडं तात्पुरतं सैल केलं जातं, मगच नंबर काढला जातो. दोन-चार दिवस मुलाला जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, म्हणून काही पालक घाबरून औषध बंद करतात. तसं करू नये. ठरलेल्या दिवशी मुलाला परत घेऊन यावं.

आणि मोतीबिंदू. आज गढूळ झालेली लेन्स काढून तिच्या जागी कृत्रिम लेन्स बसवतात. यंग यांच्या रोग्यांना हे भाग्य नव्हतं. पण नेहमीची कृत्रिम लेन्स आपला आकार बदलू शकत नाही. ती लांबच्या अंतरासाठी बसवली, तर वाचायला चष्मा लागणारच. ऑपरेशन बिघडलं, असा याचा अर्थ नाही. हे ऑपरेशनच्या आधीच रोग्याला नीट समजावून सांगितलं, तर घरी गेल्यावर मनात शंका राहत नाही.

तिरका धरलेला चष्मा

स्वतःचा डोळा मोजताना यंग यांना आणखी एक गोष्ट सापडली. डोळा सैल सोडलेला असताना उभ्या दिशेने फाकणारे किरण १० इंचांवरून येत असतील तरच दृष्टिपटलावर जुळत होते, आणि आडव्या दिशेने फाकणारे किरण ७ इंचांवरून. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांना लांबचं कमी दिसत होतं. एका दिशेने सुमारे ४ आणि दुसऱ्या दिशेने सुमारे साडेपाच डायॉप्टरचा उणे नंबर होता. दोन दिशांतला हा फरक म्हणजेच सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम. मानवी डोळ्यातल्या या दोषाची ही पहिली मोजणी. कॉर्निया पाण्यात बुडवला तरी फरक तसाच राहिला, म्हणून आपल्या बाबतीत तो लेन्समुळे आहे, हेही त्यांनी ओळखलं. बहुतेकांत तो कॉर्नियामुळे असतो.

त्यांनी ही गोष्ट केरी नावाच्या चष्मेवाल्याला सांगितली. केरीने सांगितलं की अनेक गिऱ्हाइकं काच तिरकी धरली तरच नीट दिसतं असं म्हणतात, हे त्याच्या पूर्वीच लक्षात आलं होतं. भिंग तिरकं केलं की त्याची ताकद दोन दिशांत वेगळी होते आणि दोष थोडा भरून निघतो. म्हणजे नावही नसलेल्या आजारावर लोकांनी आपला उपाय शोधून ठेवला होता. दंडगोलाकार काचेचा खरा चष्मा मात्र पुढे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी बनवून घेतला.

चेंडूच्या गोलाईऐवजी डोळ्याचा पुढचा भाग अंड्याच्या कडेसारखा असेल, तर असा नंबर येतो. मूल मान वाकडी करून पाहतं, डोळे बारीक करतं, फळ्यावरची अक्षरं चुकवतं, वाचताना डोकं दुखतं म्हणतं, तेव्हा याचा विचार करावा. चष्म्याची फ्रेम वाकडी झाली तर या नंबरचा अक्ष बदलतो आणि चष्मा असूनही धूसर दिसतं. म्हणून फ्रेम सरळ करून घेणं हाही उपचारच आहे. शिवाय डोळे सतत जोरात चोळायची सवय मुलांना लावू देऊ नये. ॲलर्जीने खाज येत असेल तर तिच्यावर औषध घ्यावं. चोळण्याचा कॉर्नियावर वाईट परिणाम होतो.

त्याच व्याख्यानात त्यांनी नजर एका जागी ठेवून बाजूचं किती दिसतं तेही मोजलं होतं : वर ५० अंश, नाकाकडे ६०, खाली ७० आणि बाहेरच्या बाजूला ९०. काचबिंदूच्या रोग्यांची आज आपण जी फील्ड टेस्ट करतो, ती याच क्षेत्राची. काचबिंदूत समोरचं स्वच्छ दिसत असताना कडेचं क्षेत्र आक्रसत जातं. ते दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि गेलेलं परत येत नाही.

तीन रंगांची गोष्ट

१८०१ मध्ये यंग रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी प्रकाश आणि रंग यांवर व्याख्यान दिलं. त्यांचा विचार सरळ होता. रंगांच्या छटा तर असंख्य. दृष्टिपटलाच्या प्रत्येक बिंदूवर प्रत्येक छटेसाठी वेगळा कण असणं शक्य नाही, जागाच पुरणार नाही. तेव्हा मोजकेच, बहुधा तीन प्रकारचे ग्राहक असावेत आणि त्यांच्या कमी-जास्त प्रतिसादातून सगळे रंग तयार होत असावेत. आधी त्यांनी तांबडा, पिवळा, निळा म्हटलं. नंतर सुधारून तांबडा, हिरवा, जांभळा असं केलं. सूक्ष्मदर्शकाखाली असं काही दिसण्याची सोय नसताना, निव्वळ विचार करून त्यांनी हे मांडलं.

पन्नासेक वर्षं याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग हेल्महोल्ट्झ यांनी ही कल्पना पुन्हा वर आणली. दृष्टिपटलात तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत, हे प्रत्यक्ष मोजून सिद्ध व्हायला १९६० चं दशक उजाडलं. टीव्ही आणि मोबाइलचा पडदा आज तीनच रंगांच्या ठिपक्यांतून आपल्याला सगळी दुनिया दाखवतो.

अणुसिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेले जॉन डाल्टन स्वतः रंगांधळे होते. आपल्या डोळ्यातलं पाणी निळसर असावं, म्हणून तांबडा रंग आपल्याला नीट दिसत नाही, असं त्यांना वाटे. यंग यांनी १८०७ मध्ये लिहिलं की याहून सोपं कारण संभवतं : तांबडा रंग ओळखणारे तंतू त्यांच्यात नसावेत. डाल्टन १८४४ मध्ये वारले. त्यांच्याच इच्छेनुसार डोळा उघडून पाहिला, तर पाणी स्वच्छ होतं. डोळ्याचे अवशेष जपून ठेवले गेले आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएची तपासणी झाली. त्यात तांबड्याऐवजी हिरव्याकडच्या रंगद्रव्याचा जनुक नसल्याचं दिसलं. यंग यांचा रंग चुकला होता, पण मुख्य विचार, एक ग्राहक कमी असण्याचा, बरोबर निघाला.

तांबड्या-हिरव्याचा रंगांधळेपणा बहुधा आईकडून मुलाकडे येतो, मुलग्यांत जास्त आणि मुलींत क्वचित दिसतो. त्याने दृष्टी जात नाही, अभ्यासात मूल मागे पडत नाही. पण रेल्वे, विमान, सैन्य अशा काही नोकऱ्यांत ही तपासणी असते. ऐन भरतीच्या दिवशी हे पहिल्यांदा कळलेले तरुण रडवेले होऊन येतात. शाळेत असतानाच रंगांच्या ठिपक्यांची साधी चाचणी करून घेतली, तर करिअरची वाट आधीच ठरवता येते.

रुग्णालयातला डॉक्टर

यंग यांचं पुढचं आयुष्य सरळ रेषेत गेलं नाही. प्रकाश लाटांसारखा पसरतो, हे त्यांचं म्हणणं न्यूटनच्या विरोधात जात होतं. १८०३ मध्ये हेन्री ब्रूम या लेखकाने एडिंबरातल्या एका वजनदार नियतकालिकात त्यांच्यावर जहरी टीका केली. यंग यांनी उत्तरादाखल पुस्तिका छापली, तिची एकच प्रत खपली. त्याच वर्षी त्यांनी प्राध्यापकपद सोडलं. १८०४ मध्ये एलिझा मॅक्सवेल यांच्याशी त्यांचं लग्न झालं. डॉक्टरचं लक्ष भलतीकडे आहे असं रोग्यांना वाटू नये, म्हणून ते बरंच लेखन नाव न देता छापत.

१८११ पासून अखेरपर्यंत ते सेंट जॉर्ज रुग्णालयात फिजिशियन होते. त्यांची खासगी प्रॅक्टिस कधी जोरात चालली नाही. छातीठोकपणे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरवर लोकांचा विश्वास लवकर बसतो. यंग मात्र प्रत्येक शक्यता तोलत बसत. क्षयरोगावर त्यांनी ग्रंथ लिहिला. इजिप्तच्या रोझेटा शिलालेखातली चित्रलिपी उलगडण्याची महत्त्वाची सुरुवात त्यांनी केली. ती पूर्ण केली फ्रान्सच्या शाम्पोलियाँ यांनी. १० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, हृदय आणि महाधमनीच्या आजाराने त्यांचं निधन झालं. शेवटच्या दिवसांत, पेन धरवेना तेव्हा, ते पेन्सिलीने इजिप्शियन शब्दकोशाचं काम करत होते.

डोळ्यांच्या डॉक्टरने यंग यांच्याकडून एक सवय घ्यावी. होम आणि रॅम्सडेन यांनी एका रोग्यावरून निष्कर्ष काढला. यंग यांनी तोच प्रश्न तीन बाजूंनी विचारला आणि रोग्याच्या सांगण्यावर अवलंबून न राहता मोजमाप केलं. मुलाला बरोबर दिसतं ना, असं विचारलं तर मूल हो म्हणतं. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नसतं. एका डोळ्याला मोठा नंबर असेल तर दुसऱ्या डोळ्यावर ते खुशाल खेळतं, शाळेत जातं, आणि घरात कुणालाच कळत नाही. मेंदू त्या अंधुक डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टीचा उपचार झाला तर नजर चांगली परत येते. पुढे उशीर होईल तसं ते अवघड होत जातं, आणि मोठेपणी कितीही चांगला चष्मा दिला तरी त्या डोळ्याला पूर्ण दिसत नाही.

म्हणून एवढं करा. मूल शाळेत जाण्याआधी एकदा त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. घरी सहज करता येईल अशी युक्ती म्हणजे एक डोळा तळहाताने हलकेच झाकून त्याला भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला किंवा चित्र ओळखायला सांगायचं, मग दुसरा. एका डोळ्याला अडलं, किंवा एकच डोळा झाकू देताना मूल चिडलं, तर डॉक्टरांकडे या. चष्मा लागला तर तो पूर्णवेळ वापरू द्या, मुलीला चष्मा नको म्हणून टाळू नका. रोज दोनेक तास मुलांना उघड्यावर खेळू द्या. लांबचा नंबर सुरू होण्याचा धोका त्याने कमी होतो. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह असलेल्यांनी आणि घरात काचबिंदू असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळे दाखवावेत. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत या तपासण्यांची सोय असते. कडी-किल्ली लागत नाही. अर्धा तास पुरतो.